शून्यमास्तर

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीतल्या एका साहेबानं शून्यमास्तरांना खोटं पाडलं आणि आमच्या गावानं त्याची शिक्षा मास्तरांनाच दिली. शिक्षा देणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढं होतो.

मुरुडजवळच्या आमच्या गावात ते शाळेवर होते. बायको-मुलं नव्हती; शाळेच्याच एका खोलीत राहत. आवारातलं सरकारी पर्जन्यमापक त्यांच्याकडं होतं. रोज सकाळी साडेआठला ते बघायचे आणि पारावरच्या फळ्यावर आकडा लिहायचे. दुष्काळाच्या साली कालचं शून्य पुसून आजचं शून्य काढायचे. नाव त्यावरूनच पडलं.

"मास्तर, कालचंच ऱ्हाऊ द्या की. खडू तरी वाचंल," मी म्हणायचो.

"कोरं म्हणजे मोजलंच नाही, दलाल. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता."

मी बैलांचा दलाल. आमचे भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरतात. शेजारी उभा असलेल्यालाही कळत नाहीत. मास्तरांचं सगळं उघड्यावर. "थोडं कमी-जास्त करावं मास्तर," म्हटलं तर हसायचे. "पावसाशी घासाघीस करून बघा तुम्ही."

पुढं दुष्काळी गावांची यादी लागली. आमचं गाव त्यात नव्हतं. चारा-छावणी शेजारच्या गावाला मिळाली आणि आमच्या दावणीला बैल हाडं दाखवत उभे राहिले. मी भर पारावर ओरडलो, "आमाला शून्य दावता आन वर पाऊस कळवता व्हय?"

"दोन्हीकडं एकच आकडा लिहिलाय," एवढंच ते बोलले.

त्या दिवसापासून पारावर रोजच्यासारखं 'किती?' म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही. आकडा लिहून झाला की ते खडू हातात धरून जरा वेळ थांबायचे. मग एकटेच शाळेकडं वळायचे.

शेवटी मी लातूरला जाऊन साहेबाशी भांडलो. त्यानं तक्ता पुढं सरकवला. मास्तरांच्या अक्षरातल्या प्रत्येक शून्यावर काट मारून वेगळ्या शाईनं पाऊस भरला होता.

"रोज शून्यच कसं येईल? मास्तर मोजत नसणार. म्हणून तालुक्याच्या केंद्राचा आकडा घेतला."

"म्या सोता बघितलंय त्येंना मोजताना!" मी टेबलावर मूठ आपटली.

"यादी वर गेलीय. आता बदलत नाही."

परत आलो तर खोलीला कुलूप. बदली मागून मास्तर त्यांच्या गावाकडं, उमरीला निघून गेले होते. जाण्याआधी त्या सकाळचं शून्य मात्र लिहून ठेवलं होतं.

उमरीला जायला मला दोन वर्षं लागली. त्यांच्या बहिणीनं दार उघडलं. म्हणाली, "दादा गेले हो. शेवटपर्यंत अंगणात डबा ठेवून मोजायचे. सांगायला कुणी नव्हतं."

मी चुकलो, हे मी पारावर, चारचौघांत कबूल केलंय. पण ज्यानं कचेरीत बसून त्या शून्यांवर काट मारली, त्यानं रुमालाखालचा हात अजून बाहेर काढलेला नाही. त्यानं तो काढावा, आमच्या पाराशी यावं आणि त्या फळ्यासमोर उभं राहून सांगावं: आमच्या गावात पाऊस कुठं पडला होता?