बाईंनी काढून घेतलेला खडू

बाई कुठल्याही वर्गात शिरल्या की आधी शेवटचा बाक बघायच्या. तिथे कोणी बसलेलं असलं की म्हणायच्या, "सरक रे राजा जरा, आज मीही शाळेत आलेय." वर्गात खसखस पिकायची, शिकवणारा शिक्षकही थोडा सैलावायचा, आणि बाई मांडीवर पिशवी घेऊन त्या बाकावर ऐसपैस बसायच्या.

हेच त्यांचं काम होतं. उभी हयात त्यांनी स्वतः शिकवण्यात घालवली. गणित शिकवलं, भाषा शिकवली, कोणी आजारी पडलं तर चित्रकलेचाही तास घेतला. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा त्यांच्याकडे हे नवं काम आलं. शाळाशाळांतून फिरायचं, शिक्षकांचे तास बघायचे, आणि तास संपला की त्या शिक्षकाला बाजूला घेऊन काय साधलं, काय निसटलं ते समजावून सांगायचं. पोहायला शिकवणारा माणूस पाण्यात उतरत नाही, काठाकाठाने चालत हात हलवत राहतो, तसंच.

आणि बाईंना ते काम यायचंही. नजर अशी, की तिसऱ्या रांगेतली मुलगी खिडकीबाहेर बघतेय हे शिकवणाऱ्याच्या आधी त्यांना दिसायचं. कितीतरी कच्चे शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि आजही त्यांचं नाव काढतात. ते खोटं नाही.

खोड एकच होती. समोरचा बोलू लागला की त्याचं वाक्य बाई पुरं करायच्या. माणसाने तोंड उघडावं आणि बाईंनी वरच्या वर शब्द झेलावा. बहुतेक वेळा तो शब्द बरोबरही असायचा, म्हणून तर खोड गेली नाही. लोक म्हणायचे, बाईंना मनातलं कळतं. बाईंनाही तसंच वाटू लागलं होतं.

घरी मात्र त्यांचा संसार नेमक्या उलट्या माणसाशी होता. नवऱ्याने सारा जन्म छापखान्यात खिळे जुळवले. एकेक अक्षर चिमटीत धरायचं, उजेडाकडे करायचं, मग बसवायचं. बोलणंही तसंच.

"आज मी म्हटलं, जरा त्या..."

"सुताराकडे जाऊन आलात. दार घासतंय म्हणून. मग? कधी येतोय?"

"अगं," ते शांतपणे म्हणायचे, "वाक्य माझं होतं. निदान पूर्णविराम तरी मला टाकू दे."

"तुमचा पूर्णविराम येईपर्यंत चहा थंड होतो."

दोघं हसायची. घरात ते हसण्यावारी जायचं.

गावाच्या टोकाला, बस वळते तिथे, एक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक बाईंच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी एकदा निरोप धाडला, "विज्ञानाला एक तरुण शिक्षक आलाय. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. पण तास जरा विचित्र घेतो. या वर्षी त्याला कायम करायचं की नाही ते ठरवायचंय. तुम्ही बघा, तयार करा. तुम्ही हो म्हणालात की माझं हो."

पोरांनी त्या शिक्षकाला नाव ठेवलं होतं, खडू सर. कारण हातात खडू नाही असे ते कोणी पाहिलेच नव्हते. मधल्या सुट्टीत, प्रार्थनेला, अगदी सायकलवरसुद्धा बोटांत खडू. "आमचे खडू सर आहेत, खडूस सर शेजारच्या वर्गात," असं पोरं बाईंना पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली.

तास खरंच वेगळा होता. खडू सर अर्धं वाक्य बोलायचे. भांड्यातल्या पाण्याकडे बोट दाखवायचे, "आता हे तापलं, वर चाललं, दिसेनासं झालं. याला म्हणतात..." आणि गर्रकन वळून फळ्यावर लिहायचे. सगळा वर्ग एका आवाजात वाचायचा, "बाष्पीभवन!" सर हसून मान हलवायचे आणि पुढे जायचे. पुन्हा अर्धं वाक्य, पुन्हा वर्गाकडे पाठ, पुन्हा पोरांचा गजर. एखाद्या भजनात बुवाने ओळ उचलावी आणि मंडळींनी ती पुरी करावी, असा तो तास चालायचा. कोणी पेंगत नव्हतं. कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं. बाईंच्या नजरेनं तेही टिपलं होतं, पण मनात दुसरंच घर करून बसलं, की या माणसाची पाठ फार दिसते.

तास संपल्यावर दोघं प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसली. गुंडाळलेले नकाशे, तुटकी दुर्बीण, बाटल्यांचा उग्र वास.

"सर, पोरं तुमची आहेत, त्यात शंका नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही अर्धा तास फळ्याशी बोलता. शिक्षकाचा चेहरा पोरांना दिसला पाहिजे. आणि वाक्य अर्धं का सोडता?"

"ऐका ना," खडू सर म्हणाले. त्यांचं प्रत्येक बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. "त्याचं असं आहे, की मला..." ते थांबले. ओठ मिटले, हातातला खडू फिरू लागला.

"सवय झालीय," बाईंनी वाक्य उचललं. "कळतं मला. नव्या माणसाला फळ्याचा आधार वाटतो. मीही पहिल्या वर्षी फळ्याला धरून उभी असायचे."

खडू सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

त्या "हो" वर बाईंचा केवढा विश्वास! पुढे कितीतरी दिवस त्याच एका शब्दावर त्यांनी इमले बांधले.

दुसऱ्या खेपेला खडू सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. बस लांबून दिसत होती. "ऐका ना," ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. आधीच सांगायला हवं होतं. माझं प... माझं..."

"पोर्शन राहिलाय," बाई हसल्या. "सगळ्यांचाच राहतो हो या दिवसांत. मी बोलते मुख्याध्यापकांशी. काळजी करू नका."

बस आली. बाईंनी खिडकीतून हात केला. खडू सर हात न उचलता तसेच उभे होते. माणूस थोडा घुमा आहे, असं बाईंच्या मनात आलं. आणखी एक गोष्ट त्यांना खटकली होती. सगळी दुनिया त्यांना बाई म्हणायची, हा गडी एकदाही म्हणाला नव्हता. नुसतं आपलं ऐका ना, ऐका ना. असो, तरुण आहे, असं म्हणून त्यांनी ते पोटात घातलं.

मग तो दिवस आला. आसपासच्या शाळांतले शिक्षक बोलावून एक नमुन्याचा तास करायचं बाईंनी ठरवलं. आपण घडवलेला माणूस चार लोकांत दाखवावा, मुख्याध्यापकांनाही त्याच दिवशी हो सांगून टाकावं, असा बेत. मागे खुर्च्यांची रांग लागली. विषय होता झाडाचं पान. खडू सर आत आले तेव्हा त्यांच्या एका हातात हिरवंगार पान होतं आणि दुसऱ्या हातात, अर्थातच, खडू.

बाई पुढे गेल्या. फार मायेनं गेल्या, आईने मुलाच्या तोंडाला लागलेलं पुसावं तशा. त्यांनी सरांच्या बोटांतून खडू काढून घेतला, आपल्या पदराच्या टोकाला बांधला आणि मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज याच्याशिवाय. चेहरा पोरांकडे आणि वाक्य पुरं."

मागे टाळ्या पडल्या. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

खडू सरांनी हातातलं पान उंच केलं आणि नेहमीसारखे थांबले. पोरांना खूण पुरेशी होती. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने तोंड उघडलं, तिच्यामागून सगळ्यांनी श्वास घेतला.

आणि मागून बाईंनी हात वर केला. "थांबा रे. सरांना बोलू द्या. सर सांगतील."

आयुष्यात पहिल्यांदा बाई कोणाचं वाक्य संपायची वाट बघत बसल्या होत्या.

"हे आहे..." सर म्हणाले. ओठ मिटले. उघडले नाहीत. मानेची शीर ताठ झाली, डोळे फळ्याकडे गेले, मग रिकाम्या बोटांकडे. "हे... प... प... प..."

दोन अक्षरांचा शब्द. अंगणातल्या पोरालाही येणारा. खुर्च्यांच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. कोणीतरी शेजारच्याच्या कानाला लागलं. पोरांतलं मात्र एकही हसलं नाही. ती सगळी मान वळवून बाईंकडे बघत होती, परवानगी मागितल्यासारखी. आणि बाईंचा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं भानच राहिलं नव्हतं.

खडू सरांनी पान टेबलावर ठेवलं. हलकेच ठेवलं, चुरगळू नये अशा बेताने. आणि दारातून बाहेर निघून गेले.

पुढचं सांगायला फारसं काही नाही. पाहुणे चहा पिऊन गेले. सर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. राजीनाम्याचं पाकीट शिपायाच्या हाती आलं.

"मला कल्पनाच नव्हती हो," मुख्याध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले. "मुलाखतीत मोजकंच बोलला. मला वाटलं, बडबडे शिक्षक माझ्याकडे पुष्कळ आहेत, एक शांत असू दे."

पण पोरांना होती. दोन वेण्यांच्या मुलीने बाईंना व्हरांड्यात गाठलं. ती रागावलेली होती, आणि मोठ्या माणसावर रागावायचं कसं हे माहीत नसल्यामुळे वेणीचं टोक चावत होती.

"सरांचा शब्द ओठाशी अडतो," ती म्हणाली. "सगळेच नाही, थोडेच. मग ते लिहायचे आणि आम्ही म्हणायचो. आमचं ठरलेलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून सांगितलं होतं, जिथे मी थांबेन तिथून तुम्ही. तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?"

सांगायला आला होता तो. दोनदा आला होता. अडखळायलासुद्धा माणसाला थोडी सवड लागते. तेवढीही बाईंनी ठेवली नव्हती. आणि "हो" हा शब्द कुठेच अडत नाही, तोंड उघडलं की सुटतो. म्हणून तो हो म्हणाला.

घरी त्यांनी पदराची गाठ सोडली. खडूचा भुगा झाला होता. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी तो भुगा चिमटीने कागदावर गोळा केला. मग सुरुवात केली, "तुझा हेतू काही..." आणि सवयीने थांबले, बायको पुढचं उचलेल म्हणून. बाईंनी उचललं नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"बोल की," ते घाबरून म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

पावसाळा गेला, थंडी आली, तेव्हा बाईंना पत्ता लागला. शहरातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, खडू सर काचा घासायच्या यंत्रावर बसत होते. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम पुढे बसणाऱ्या मालकाचं. बाई मुख्याध्यापकांचा शब्द घेऊन गेल्या. जागा अजून भरली नव्हती.

यंत्र बंद झालं. खडू सरांची बोटं पांढरीच होती, पण ती काचेच्या भुकटीने. त्यांनी उठून स्टूल पुढे केलं.

"सर, चूक माझी होती," बाई म्हणाल्या. येताना बसमध्ये मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एवढंच उरलं. "तुमचा तास चांगला होता. जसा होता तसाच चांगला होता. मला बघता आला, ऐकता आला नाही. जागा रिकामी आहे. पोरं विचारतात. याल?"

बाहेर मालक कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता. बारीक आणखी बारीक होत जाणारी.

खडू सरांनी मान वर केली. आज ते "ऐका ना" म्हणाले नाहीत. त्यांनी ओठ मिटले आणि जो शब्द इतके दिवस टाळला होता त्यालाच हात घातला.

"ब..." मानेची शीर वर आली. "ब... ब..."

बाईंच्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. पहिला शब्द कळला होता, शेवटचाही कळला होता, सरांच्या डोळ्यांतच लिहिलं होतं ते. वाटलं, म्हणून टाकावं आणि सोडवावं त्याला, आणि स्वतःलाही. त्यांनी पिशवीचे बंद मुठीत आवळले. यंत्राचा पट्टा गार होत होता, त्याचा बारीक टकटक आवाज ऐकत बसून राहिल्या.

"बाई," खडू सर म्हणाले. कपाळावर घाम होता. थोडं थांबून त्यांनी पुन्हा दम घेतला. वाटेत अजून एक चढ होता, तो बाईंना दिसत होता. "मी प... प... परत येणार नाही."

वाक्य पुरं झालं. पूर्णविरामासकट.

बाईंनी मान हलवली. उठल्या. दाराशी क्षणभर थांबल्या, सर आणखी काही बोलतात का म्हणून. यंत्र सुरू झालं, तेव्हा बाहेर पडल्या.

आजही बाई शेवटच्या बाकावर बसतात. तास संपला की शिक्षकासमोर गप्प राहतात, इतक्या गप्प, की नवखे शिक्षक बिचकतात आणि म्हणतात, "बाई, काहीतरी बोला ना." बाई बोलत नाहीत. समोरच्याचं वाक्य पार तळाशी जाऊन टेकेपर्यंत वाट बघतात. लोक म्हणतात, बाईंसारखं ऐकून घेणारं माणूस नाही. त्या ते ऐकून घेतात, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसतात.