शेप्याचे वकील

आंब्याचं झाड पुष्कळांच्या दारात असतं, पण आंब्याचं वकीलपत्र घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या कुंपणाच्या पलीकडे राहायला होता. आम्ही नवीन पनवेलला बैठं घर घेतलं ते केवळ घरापुढच्या हातभर जागेसाठी. तेव्हा आमच्या सेक्टरात बैठी घरं पाडून इमारती उठवायची टूम अजून निघाली नव्हती. मुंबईच्या खोलीत खिडकीतल्या डब्यात तुळस जगवून आमची ही कंटाळली होती. इथे आल्याबरोबर तिने मोगरा, शेवंती, कोथिंबीर, मेथी असं सगळं एका आठवड्यात लावून टाकलं आणि गुलाबांचं खातं माझ्याकडे दिलं. पहिली काही वर्षं बाग दृष्ट लागण्यासारखी होती. मग दृष्ट लागली ती शेजारच्या आंब्याची. भिंतीला खेटून लावलेलं ते झाड बघता बघता भिंतीच्या वर आलं, आमच्याकडे वाकलं, आणि एका पावसाळ्यानंतर सकाळचं ऊन त्याने जे अडवलं ते अडवलंच. मोगऱ्याला नुसती पानं, गुलाब उंच आणि हडकुळे. मी रीतसर तक्रार घेऊन शेजारच्या काकांकडे गेलो. तोवर आमची ओळख नुसती हात वर करण्यापुरती होती.

काका उरणकडच्या कोळी घरातले. तरुणपणी होडीवर, मग बंदरात नोकरी, आणि निवृत्तीनंतर समुद्राचं तोंडही दिसत नाही अशा आमच्या गल्लीत. पण समुद्र सुटला तरी भरती-ओहोटी काही त्यांच्या अंगातून सुटली नव्हती. घड्याळ त्यांच्या भिंतीवर होतं, ते पाहुण्यांसाठी. स्वतःचा सगळा कारभार पाण्यावर. "साहेब, बँकेत आता जाऊ नका, भरती हाय. ओहोटी लागली का मानसं कमी व्हतील," असं ते गंभीरपणे सांगत. मी विमा कंपनीतला साधा कारकून, पण त्यांच्या लेखी साहेब. एकदा मी हसून भरतीतच वीजबिल भरायला गेलो आणि खिडकी जेवणाला बंद होईपर्यंत रांगेत उभा राहिलो. परत आलो तर काका व्हरांड्यात बसलेले. नुसतं आकाशाकडे बघून त्यांनी मान हलवली. आंब्याला ते मासळी धुतलेलं पाणी घालत. त्या खतावर झाड माजलंच, शिवाय सेक्टरातली झाडून सगळी मांजरं आमच्या भिंतीवर बैठकीला येऊ लागली. मी कुरकुर केली तेव्हा माझ्या गुलाबांनाही त्यांनी उदार मनाने एक बादली आणून घातली. पुढचे काही दिवस आम्ही खिडक्या लावून जेवलो.

तर तक्रार ऐकून काकांनी मला आधी चहा दिला आणि मग हात जोडले. "साहेब, याला हात लावू नका. यो शेप्या हाय." शेप्या म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. गव्हाणच्या रस्त्यावर त्यांचं जुनं घर होतं, दारात रायवळ आंबा होता. त्याच्या फळाला चक्क शेपूच्या भाजीचा वास यायचा, म्हणून त्याचं नाव शेप्या. रस्ता रुंद झाला तेव्हा घर गेलं आणि झाडही गेलं. निघताना काकींनी शेवटची पाटीभर फळं बरोबर आणली, सगळी खाऊन झाल्यावर त्यातली एक कोय इथे भिंतीशी पुरली. शेपूच्या वासाचा आंबा मुद्दाम खाणारी माणसं जगात असतात, यावर माझा विश्वास बसेना. शेपू शिजत असली की मी चपला घालून घराबाहेर पडणारा माणूस. काका मात्र डोळे मिटून सांगत होते, "लगीन होऊन आली तवा हिनं पयला शेप्या थू करून टाकला. आई चिडली. मंग येवढी चटक लागली का दरसाल माझ्या वाटनीचाबी खायची." आतून काकींचा आवाज आला, "तोडा ओ तुमी साहेब! यांना काय इचारता? कोय मी पुरली, माझी परवानगी हाय!" काकींचा एकूण स्वभावच असा रोखठोक. पण वकिलाने अशिलाला सोडलं नाही, आणि मी ऊन न घेताच परत आलो.

झाड वाढत होतं, पण फळाचं नाव नव्हतं. दर वर्षी मी छाटणीचा विषय काढायचा आणि काकांनी "यंदा धरंल" म्हणून मुदत मागायची, असं आमचं चाललं. एका शिमग्याला ते सकाळीच हातात कोयती घेऊन आमच्या दारात आले. मी क्षणभर घाबरलो. पण त्यांना माझी मदत हवी होती. झाड धरत नसेल तर त्याला दटावायची त्यांच्या घरात रीत होती. एकाने कोयती उगारून विचारायचं, "धरतोस का तोडू?" आणि दुसऱ्याने झाडाच्या वतीने गयावया करायची. "कोयती तुमी घ्या साहेब," काका म्हणाले. "मला त्यो भीत नाय. त्याला ठाव हाय, म्हातारा काय करनार नाय. तुमच्या मनात खरा राग हाय." रागाची अशी कदर माझ्या घरीही कधी झाली नव्हती. सगळी गल्ली बघत असताना मी ऑफिसच्या कपड्यांत कोयती उगारून उभा राहिलो, आणि एकदा सुरुवात झाल्यावर मला जोर चढला. मोगरा, शेवंती, गुलाब, मांजरं, बादली, सगळं त्या झाडाला ऐकवलं. आणि काका खोडाला पाठ लावून, हात जोडून, अगदी कळवळून म्हणत होते, "नका मारू साहेब, पुढल्या वर्साला धरीन, नक्की धरीन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकी दारातून म्हणाल्या, "दोगंबी येडे हाव." मी कोयती खाली केली. झाडाला आणखी एक वर्ष मुदत मिळाली. पुढे हा आमचा दरसालचा कार्यक्रमच होऊन बसला.

मग एका पावसाळ्यात काकी गेल्या. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि त्या घरी आल्याच नाहीत. मुलगा द्रोणागिरीला गोदामात नोकरीला, तो काकांना घेऊन जायला आला, पण काका गेले नाहीत. आम्हाला वाटलं, माणूस हळूहळू सावरेल. पण त्यांनी भरती-ओहोटी सांगणं सोडलं. मी मुद्दाम भिंतीवरून विचारायचो, "काका, बँकेत कधी जाऊ?" ते म्हणायचे, "जावा कवाबी." इतकं वाईट उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. पुढच्या शिमग्याला ते कोयती घेऊन आले नाहीत, आणि मीही छाटणीचं नाव काढलं नाही. एकदा व्हरांड्यात बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "एकच राह्यलंय साहेब. त्यो वास येकदा आला पायजे. मंग झाडाचं काय करायचं ते करा." ते आंब्याविषयी बोलत नव्हते, हे मलाही कळत होतं.

आणि नंतरच्या थंडीत झाड मोहरलं. फार नाही, एका बाजूच्या दोन-चार फांद्या. काकांनी मोहोर येताच झाडाखाली खाट टाकली. कैऱ्या धरल्या तेव्हा जुन्या जाळ्याचे तुकडे काढून एकेका घोसाला बांधले, वटवाघळांनी खाऊ नयेत म्हणून. कैरी एकही तोडू दिली नाही. फळं उतरवून गवताच्या आढीत घातली, आणि ती पिकल्यावर इस्त्रीचा सदरा घालून आम्हा दोघांना बोलवायला आले. काकींच्या फोटोपुढे एक ठेवला, एक मला दिला, एक हिला. मी चोखला मात्र, आणि थक्क झालो. मधासारखा गोड. मी मोठ्याने म्हणालो, "वा काका! हापूस झक मारील याच्यापुढे!" हिने मला चिमटा काढला तेव्हा माझं लक्ष गेलं. काका आंबा देठाशी धरून हुंगत होते. तो ठेवून दुसरा घेतला. मग पाटीतला एकेक आंबा उचलून हुंगला. शेवटी एक चोखून पाहिला आणि चुकून दुसऱ्याची वस्तू उचलली गेली असावी तसा अलगद खाली ठेवला. "गोड हाय," ते म्हणाले. "लई गोड हाय."

कोयीतून उगवलेलं झाड जुन्या झाडासारखंच फळ देईल असा काही नेम नसतो, हे कोणीही माळी सांगेल. काकांना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. त्या पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःच झाड तोडणारा बोलावला आणि आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवायला सांगितल्या. मी धावत बाहेर आलो. म्हटलं, "काका, राहू द्या हो, कशाला घाई?" ते म्हणाले, "नाय साहेब. लई वर्सं थांबलात. यो कुनी दुसराच हाय. दुसऱ्यापायी वैनींचा मोगरा का मारायचा?" ही म्हणाली, "पण काका, लावलाय काकींनीच ना?" काकांनी खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, "तिनं लावला म्हनून ठेवला असता तर बरं झालं असतं वैनी. मी आंब्यासाठी ठेवला." फांद्या पडल्या. इतकी वर्षं ज्या उन्हासाठी मी भांडलो ते ऊन सबंध बागेत पसरलं, आणि मला तिथे उभं राहवेना. मोगरा त्या साली असा फुलला की ओंजळी भरल्या. हिने एक गजरा केला नाही. फुलं रोज पलीकडे फोटोला जात.

पुढच्या उन्हाळ्यात हिने त्या उन्हात शेपूचा वाफा केला. आमच्या घरात शेपू कोणी खात नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." काकांची फळं उतरली तेव्हा "आढी मी लावते" म्हणून गेली, आणि गवतावर शेपूच्या जुड्या पसरून त्यावर आंबे मांडून आली. मी म्हणालो, "अगं, त्यांना कळेल." ती म्हणाली, "कळू दे."

आढी उघडली त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. काका थकले होते, आंब्याकडे त्यांचं फारसं लक्षही नव्हतं. हिने एक हातात दिला. तो त्यांनी नाकाशी नेला आणि ते थांबले. सालीला शेपूची एक हिरवी काडी चिकटली होती. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही लादीकडे बघत होती. काकांनी ती काडी अंगठ्याने हळूच पुसून टाकली, आणि आंबा चोखायला लागले. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला तरी पुसला नाही. मग एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, काकी गेल्यापासून आम्ही ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "अगं ए, भायेर ये लवकर! शेप्या आलाय!"

हाक मारून झाल्यावर ते तसेच राहिले, हातात अर्धी चोखलेली कोय धरून. त्यांनी ती हाक मागे घेतली नाही. आतून उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ आम्ही तिघंही त्या दाराकडे बघत बसलो.