काचेमागची हाक

माझे जावई एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळतात. अंगाने आडवे, बोलण्यात आखडते. काहीही विचारलं की "बघतो" म्हणतात, आणि खरोखरच बघतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारका स्क्रूड्रायव्हर असतो. माझी लेक म्हणते, "बाबा, ह्यांना चारदा हाक मारा, ढिम्म. सर्व्हरचा पंखा जरा वेगळा वाजू दे, झोपेतून उठून बसतील."

माझी उभी हयात रंगमंचावर गेली. माणूस दिसला की त्याला एखादी भूमिका देऊन टाकायची खोड अजून जात नाही. जावयांना मी विंगेतलं काम दिलं आहे. दोरी ओढणाऱ्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. पडदा अडकला की मात्र सगळं नाट्यगृह त्याच्याकडे वळतं. गेल्या वर्षी त्यांचा पडदा अडकला.

ह्या छापखान्यात औषधाच्या बाटलीबरोबर घडी घालून देतात ती पत्रकं छापली जातात. मुद्रितं तपासायला एक बाई आहेत. केस पांढरे, जीभ धारदार. सगळा छापखाना त्यांना मावशी म्हणतो, मालकसुद्धा. मावशी आपल्या टेबलावर मजकूर दुरुस्त करून सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कपाटात, ठेवतात. पलीकडे छपाईची प्लेट काढणारं यंत्र. ते चालवणाऱ्याला पैलवान म्हणतात, कारण तो काडीपैलवान आहे. कपाटातली फाईल बदलली की यंत्राला आपोआप खबर जावी आणि त्याने जुनी प्रत टाकून नवी उचलावी, अशी व्यवस्था जावयांनी कधीकाळी लावून दिली होती. सगळे तिला "आपोआप" म्हणत. आपोआपने कधी दगा दिला नव्हता.

मग मालकांनी धुळीला कंटाळून मधे काच घातली. मावशींना स्वतंत्र खोली मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक चुकलं. "अर्धा चमचा" हवं तिथे "एक चमचा". औषधवाल्यांच्या माणसाने नमुना वाचला म्हणून निभावलं, नाहीतर पत्रकं बाटल्यांबरोबर घरोघरी गेली असती. सगळा माल रद्दीत गेला.

"मी दुरुस्त करून ठेवलं होतं," मावशी म्हणाल्या.

फाईल उघडली. दुरुस्ती होती, पण फाईलवरची वेळ प्लेट निघाल्यानंतरची होती. मावशींना सवय, फाईल नुसती बघायला उघडली तरी बंद करताना पुन्हा सेव्ह करायची. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक झाली तर झाली म्हणायचं, मावशी. मागाहून सारवासारव कशाला? शनिवारपर्यंत या. पुढे नको."

मावशी नुसत्या म्हणाल्या, "चुकीचं म्हणा. खोटारडी म्हणू नका."

मालकांनी जावयांना विचारलं, "तुमचं आपोआप ठीक आहे ना?" जावई प्लेटच्या यंत्रावर बसले, तिथूनच एक फाईल बदलली. खबर आली. पुन्हा बदलली, पुन्हा आली. "ठीक आहे," म्हणाले. झालं, मावशींच्या नावावर शिक्कामोर्तब.

त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. ताटातलं चिवडत बसले. मी विचारलं, "काय हो, मीठ कमी आहे?" तर म्हणाले, "मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकलं आहे.

पुढचं मला पैलवानाने सांगितलं. जावयांनी सांगितलं असतं तर दोन वाक्यांत आटोपलं असतं.

शुक्रवारी जावई मावशींना म्हणाले, "रोज करता तस्संच करून दाखवा. एक अक्षर बदला आणि ठेवा."

"माझी परीक्षा घेताय?"

"माझी."

मावशी काचेमागे बसल्या. एरवी पैलवानाची तिकडे पाठ असते, आज तो तोंड करून उभा होता. मावशींनी फाईल ठेवली आणि जुन्या सवयीने मान वर करून काहीतरी ओरडल्या. काचेतून नुसते ओठ हलले. पैलवानाचा हात आपसूक एका बटणावर गेला. नवी प्रत पडद्यावर हजर.

"काय दाबलंस?" जावई म्हणाले.

"कुठे काय? मावशी 'गेलं रे!' म्हणाल्या, ताजं केलं."

"रोज दाबतोस?"

"म्हणजे काय! त्या ओरडायच्या, मी दाबायचो. आता काचेमुळे ऐकू येत नाही, राहून जातं. पण तुमचं आपोआप आहेच की."

जावयांनी त्याला यंत्रापासून लांब उभं केलं आणि मावशींना पुन्हा ठेवायला लावलं. पडदा जागचा हलला नाही. जुनी प्रत तशीच.

त्यांना उलगडा झाला, तो असा. यंत्राचा पहारेकरी, म्हणजे हेच आपोआप, फक्त आपल्या दारावर बसतो. त्याच यंत्रावरून कुणी फाईल बदलली तर लगेच वर्दी देतो. मावशींची फाईल दुसऱ्या यंत्रावरून, मागच्या दाराने कपाटात येते. त्याची पहारेकऱ्याला गंधवार्ता नसते. जावयांनी परीक्षा घेतली ती पुढच्या दारात बसून. सकाळी यंत्र सुरू होताना सगळं कपाट नव्याने वाचतं, म्हणून आदल्या दिवशीच्या दुरुस्त्या बिनबोभाट जात. त्याच दिवशीच्या दुरुस्त्या इतकी वर्षं मावशींच्या घशावर चालल्या होत्या.

जावई मालकांकडे गेले. "आपोआप कधी चाललंच नव्हतं. चूक माझी. मावशींची फाईल वेळेवर आली असणार, यंत्राने पाहिलीच नाही."

मालक कपाळ चोळत म्हणाले, "मी त्यांना फोन करून सांगतो."

"त्या आतच बसल्या आहेत."

मालक उठले. मावशींनी त्यांना दारातच थांबवलं. "इथे नको. काढलंत सगळ्यांसमोर, घ्या पण सगळ्यांसमोर."

मग सगळी मंडळी गोळा झाली. मालक बोलले, जरा अडखळत, पण बोलले. त्यांच्यामागून जावई पुढे आले आणि झाला प्रकार सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा ते चार माणसांपुढे उभे राहून बोलले. पैलवान म्हणतो, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही. मी म्हटलं, पोचायचा तिथे पोचला ना, बस.

आता यंत्र खबरीची वाट बघत नाही. दर थोड्या वेळाने आपणहून कपाटात डोकावतं, आपल्याजवळची प्रत ताडून बघतं, फरक दिसला की नवी उचलतं. प्लेट काढण्याआधी आणखी एकदा. जावयांनी ही नवी पद्धत कागदावर लिहून मावशींच्या टेबलावर ठेवली.

मावशींनी चष्मा चढवला, लाल पेन उघडलं. "इंजिनिअर, 'पद्धती'त द आणि ध, दोन्ही लागतात. 'उचलते' कोण? यंत्र ना? मग 'उचलतं' करा. हे असं भिंतीवर लावणार होतात?"

"बघतो," जावई म्हणाले, आणि कागद घेऊन दुरुस्त करायला बसले.