डब्यात टाकलेली चिठ्ठी

मंडळी, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, म्हणून आज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा भाकरी थापली. तीन तुटल्या, चौथी करपली. ती खाताना आई आठवली.

१९८८ साली मी धुळ्यात कॉलेजला होतो. आई साक्रीहून रोज एसटीने डबा पाठवायची. एकदा तुटक्या, करपलेल्या भाकरी आल्या. मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली, "असल्या भाकरी पाठवू नकोस."

रविवारी घरी गेलो. आईच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. त्या भाकरी तिने डाव्या हाताने थापल्या होत्या. चिठ्ठी बहिणीने तिला वाचून दाखवली होती.

"हात बरा व्हवू दे भाऊ, मंग चांगल्या धाडसू," आई मला म्हणाली.

तेव्हाही "मला शिकव" म्हणालो नाही. पुढे दोन वर्षं तिचाच डबा खाल्ला.

तुम्ही तरी आईकडून वेळेवर शिकलात का?