न रडणारा मुलगा

बाबा गेल्यावर महिन्याभराने बायकोने मला बळेच नाटकाला नेलं. बाबा संगीत नाटकांत कामं करायचे. त्यांच्या नाटकांत कुणी मेलं की जवळचं माणूस आधी पद म्हणायचं, लोक वन्समोर द्यायचे, आणि मेलेला नट तोवर श्वास रोखून पडून राहायचा.

या नाटकात साधं स्वयंपाकघर होतं. नळाला खरं पाणी होतं. एक मुलगा मटार सोलत बसला होता. फोन वाजला आणि त्याला वडील गेल्याचं कळलं.

"बरं. येतो," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. पार्श्वसंगीत नव्हतं. दाणे भांड्यात पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

मागच्या रांगेतली एक बाई कुजबुजली, "रडत कसा नाही हा?"

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी बुटांना पॉलिश करत होतो. एक बूट झाला होता. दुसऱ्यालाही केलं, मग निघालो. स्मशानात नाही, तेराव्याला नाही, अजूनही मला रडू आलेलं नाही. पद म्हणणाऱ्याचं दुःख सगळ्यांना कळत असे. हे असलं दुःख रंगभूमीवर यायला इतकी वर्षं का लागली असतील, ते मला तिथे बसल्यावर समजलं. ते लांबून दिसत नाही; ते बघायला जवळ कुणीतरी असावं लागतं.

बायको मागे वळली आणि त्या बाईला हळूच म्हणाली, "असंही होतं हो, काकू."

मग माझ्याकडे न बघता ती पुढचं नाटक पाहू लागली.