बऱ्हाणपूरची केळी आणि माझा जळफळाट

मंडळी, हिमालयात चार वेळा जाऊन आले, हंपीच्या दगडांवर तुम्हाला तीन-तीन लेख वाचायला लावले, पण जळगावहून दीड तासावरच्या बऱ्हाणपूरला मी कधी गेले नव्हते. कारण सांगते. तिथे माझी मामेबहीण सुशी राहते.

सुशी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी रांगोळी मी काढायची आणि बघायला येणाऱ्या बायका तिच्या रांगोळीपाशी थांबायच्या. निबंध मी पाठ करायची, बक्षीस ती आणायची. पुढे ती लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली आणि घराण्यातली लेखिका मी झाले, तेव्हा कुठे माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

गेल्या ज्येष्ठात तिच्या नवऱ्याला, दिनकररावांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी फोन करायची ते सांत्वनाची वाक्यं जुळवून, आणि पलीकडून ही बया हसत बोलायची! "ताई, अगं गुलाबाई बसल्यात, ये ना. घरात नुसता धिंगाणा आहे बघ."

धिंगाणा? नवरा अंथरुणाला खिळलेला आणि धिंगाणा?

माझ्या आईलाही असाच झटका आला होता. आठ महिने ती माझ्याकडे होती आणि आठ महिन्यांत एक शब्द बोलली नाही. मी काही म्हणता काही कमी केलं नव्हतं. दोन वेळची बाई, फ्रिजवर औषधांचा तक्ता, डॉक्टरांनी सांगितलेली शांतता. ती गेली त्याला चौदा महिने झाले, आणि तेव्हापासून या ब्लॉगवर तुम्ही काही नवीन वाचलेलं नाही. तर सुशीच्या घरात काय एवढं चाललंय ते बघायला मी निघाले. भेटायला चालले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण हेच.

पहिला दिवस

सकाळची गाडी धरा, ऊन चढायच्या आत पोचता. भुसावळ सोडलं की सावदा, निंभोरा, रावेर, आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. पावसानंतर पानं अशी धुतल्यासारखी दिसतात की खिडकी सोडवत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात, सामान असेल तर एकट्याने करा आणि आधी भाव ठरवा. माझा रिक्षावाला म्हणाला, "लोधीपुरा ना? बैठिये मॅडम, बाजारातून नेतो, किल्ला बी दिसेल." पुढे गर्दीत पाऊण तास अडकलो, किल्ला काही दिसला नाही.

लोधीपुऱ्यातलं सुशीचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, खाटेवर दिनकरराव. कागदाच्या मिलमध्ये कामाला होते, मूळचे जवळच्याच बहादरपूर गावच्या केळीवाल्यांपैकी. चांगला उंचापुरा माणूस उशीला टेकवून ठेवलेला. डोळे मात्र लख्ख. भिंत सगळी कागदाच्या पट्ट्यांनी भरलेली. मिलमधून आणलेले, कापून उरलेले तुकडे, त्यावर सुशीचं ते मोत्यासारखं अक्षर. पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

संध्याकाळी गल्लीतल्या आठ-दहा मुली आल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात गुलाबाई बसवतात. गुलाबाई, गुलोजी, मातीच्या मूर्ती. मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि मग डब्यात लपवलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा कानाशी खुळखुळवायचा, गोड की तिखट विचारायचं, ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

सुशीने गुलाबाई खाटेच्या पायथ्याशीच मांडली होती. जुनी गाणी झाली की ती स्वतःची नवी कडवी म्हणायची, रोज तीन-चार, आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द गाळायची. तो दिनकररावांनी भरायचा.

"गुलाबाई आली गं लोधीपुऱ्यात,
चपला सोडल्या तिनं..."

सगळ्या खाटेकडे वळल्या. दिनकररावांचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, आवाज आला नाही. सुशीने दहापर्यंत वाट पाहिली. मग मुलींनी "दारात!" म्हणून कल्ला केला. लगेच दुसरं.

"डॉक्टर म्हणे घ्या गोळी, मी म्हणते घ्या पाणी,
आमच्या साहेबांना हवी..."

"महाराणी!" पोरी खिदळल्या आणि दिनकररावांचा अर्धा चेहरा हसला. नंतर डबा त्यांच्या कानाशी. एक बोट म्हणजे गोड, दोन म्हणजे तिखट. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. शेजारची पिंकी ओरडली, "काकू, काकांनी फिरसे बराबर सांगितलं! चीटिंग करतात ते, वास घेतात!"

मी कोपऱ्यात बसून हे बघत होते. तुम्हाला वाटेल माझे डोळे भरून आले. नाही मंडळी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मला का नाही सुचलं? आठ महिने आई तशीच पडली होती आणि मी टीव्हीचा आवाज कमी करत होते. लिहिता मला येतं म्हणतात, मग माझ्या हातून आईसाठी दोन ओळी का नाही झाल्या?

मुली गेल्यावर भाकरी थापताना सुशी हळूच म्हणाली, "डॉक्टर बोलले, जे परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर मुश्कील. चार झाले. पाऊणशे कडवी केली ताई, एक शब्द नाही निघाला." तिने तवा उतरवला. "रात्री भीती वाटते गं. मग सकाळी कडवं जुळवत बसते, तेवढा वेळ नाही वाटत."

मी "होईल सगळं ठीक" म्हणाले. 

दुसरा दिवस

सकाळी एकटीच फिरले. शाही किल्ल्यात हमामाच्या, म्हणजे स्नानगृहाच्या, छतावरची रंगीत नक्षी जरूर बघा, मान दुखेपर्यंत बघा. तिथून कुंडी भंडारा. मुघलांच्या वेळची जमिनीखालची पाण्याची वाट. लिफ्टने खाली उतरायचं, गुडघाभर गार पाण्यात चालायचं, वरच्या विहिरीसारख्या कुंड्यांतून उजेड पडतो. लिफ्ट चालू आहे का ते आधी विचारून जा आणि कपडे भिजतील हे धरून चाला. परतताना बाजारात मावा जिलेबी खाल्ली, काळपट, जाडजूड, गरम. दोन खाल्ल्या की जेवण नको. हे सगळं छान होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मनात सारखं एकच: संध्याकाळी पुन्हा तिचं कौतुक बघावं लागणार.

आणि संध्याकाळी सुशीने मला धरलं. "आज ताई करणार कडवं. आमची ताई लेखिका आहे, बरं का पोरींनो!"

"अगं, मला नाही जमत असलं."

"मौसी, नाटक नका करू," पिंकी म्हणाली.

नाकाला मिरच्या झोंबल्या. जमत नाही म्हणजे काय? कालपासून ऐकत होते, चाल तोंडात बसली होती. येताना खिडकीतून पाहिलेलं आठवलं आणि मी जळगावकरणीच्या तोऱ्यात सुरू केलं:

"घड उतरला केळीचा, गाडी निघाली गावची,
साऱ्या जगात गोड केळी, गं बाई..."

आणि थांबले. शब्द अर्थातच होता 'जळगावची'. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. सुशीने कपाळावर हात मारला. बऱ्हाणपुरात बसून, बहादरपूरच्या माणसापुढे, केळी जळगावची! इथला माल जळगावच्या नावाने खपतो हे या लोकांचं जुनं दुखणं. मला कळेपर्यंत उशीर झाला होता.

खाटेवरून आवाज आला. "हट!"

पोरी गर्रकन वळल्या. दिनकररावांचा चेहरा लाल झाला होता. डावा हात त्यांनी गादीवर आपटला. "आ... आम..." ओठ वाकडे झाले, लाळ गळली, आणि मग स्वच्छ, रागीट, पूर्ण शब्द.

"आमची!"

यमकही जुळलं होतं बघा. पोरींनी घर डोक्यावर घेतलं. शेजारणी धावत आल्या. "बोले क्या? भाईसाब बोले?" दिनकरराव माझ्याकडे रागाने बघत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, आमची, आमची.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला जो आनंद झाला तो त्यांच्यासाठी नव्हता. माझ्या कडव्यावर बोलले, सुशीच्या नाही, हा तो आनंद होता. लाज वाटली, पण झाला होता.

सुशी खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. मी जवळ गेले तर फणकारली. "पाऊणशे कडवी माझी! डोळे फोडले मी. आणि बोलले कोणावर? तुझ्या त्या फालतू केळीवर!"

"फालतूच होतं गं."

"माझा जीव जळतोय ताई. नवरा बोलला आणि माझा जीव जळतोय, कशी बाई आहे मी?" मग ती रडता रडता हसायला लागली, मीही. तिने माझ्या हातावर जोरात चापट मारली. "मी त्यांना गोंजारत बसले. तू डिवचलंस. चिडू द्यायला पाहिजे होतं त्यांना, सारखं लाडात ठेवलं मी."

परतीचा दिवस

सकाळी मी बॅग भरत होते तोवर बाईसाहेबांची नवी पट्टी भिंतीवर चढली होती. बहादरपूरच्या पुरुषांना साधा चहा करता येत नाही, अशा अर्थाचं कडवं. दिनकरराव ते वाचून धुसफुसत होते. म्हणजे माझी चूक हिने एका रात्रीत स्वतःची युक्ती करून टाकली! माझा जळफळाट पुन्हा सुरू.

आता घरी येऊन दहा दिवस झाले. सुशीने फोनवर आवाज पाठवलाय. "हट", "आमची", "चहा", आणि एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही. चालणं अजून नाही, वाक्य अजून नाही. हेवा गेला का विचाराल तर छे! तिला वेळेवर सुचलं, मला नाही, आणि तिचा माणूस समोर आहे. माझी ती वेळ काही फिरून येणार नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आठ महिन्यांत मी आईला एकदाही चिडवलं नाही. इतकी भांडखोर बाई, आणि मी तिच्याशी कायम हळू, गोड, दवाखान्यातल्यासारखी बोलत राहिले. तिला ते किती नकोसं झालं असेल.

काल दुपारी वांगी आणली. गॅसवरचं भरीत आईला कधीच चालायचं नाही. गॅसजवळ उभी राहून म्हटलं, बघू तरी. मोठ्याने म्हणाले:

"भरीत करायचं गं बाई, वांगी भाजू कशावर,
शहाण्यासारखी भाजते मी..."

आणि 'गॅसवर' न म्हणता थांबले. दहापर्यंत मोजलं. घरात कोणी नव्हतं. मग मीच ओरडले, "गॅसवर? अगं मेले, कपाशीच्या काड्यांवर!"

आवाज बराचसा आईचाच निघाला. मी तिथेच स्टुलावर बसून खूप रडले, आणि उठल्यावर हे लिहायला घेतलं.