दादानं कवाड मागितलं

आमच्या शिंगणापुरात घरांना चौकट असते, कवाड नसतं. देवाची राखण आहे, चोरी होत नाही, अशी गावाची श्रद्धा. त्यामुळे माझ्या थोरल्या भावानं वडिलांकडे चक्क कवाड मागितलं, तेव्हा मला वाटलं, झालं, दादा कामातनं गेला.

नव्वद सालानंतर गावाचं रूपच पालटलं होतं. शनीच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागली आणि आमच्यासारखे बाजरी-कांदा करणारे रस्त्याकडेला तेल, नारळ, रुईच्या माळा विकायला बसले. दादाचं काम गाड्यांना हात करायचं. गाडी दिसली की पळायचं आणि हसत म्हणायचं, "या माउली, गाडी इथंच लावा!" काय हसायचा हो माझा भाऊ! पण शेजारच्या दुकानापुढंही तसंच एक हसरं पोरगं उभं, त्याच्या पलीकडं आणखी एक. जो जास्त हसेल त्याचं गिऱ्हाईक.

एका सकाळी तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेला, डोळे उघडे. त्या डोळ्यांत बघायची मला भीती वाटायची.

लोकांना काय, वाट मोकळीच. मावशी लिंबू उतरवून गेली. चुलते म्हणाले, "लगीन करून टाका." शेजारी म्हणाले, "धंदा तेजीत अन् ह्यो लोळतोय? माजलाय." दादा गोधडी डोक्यावर घ्यायचा, लोक ती खाली ओढून सल्ला द्यायचे. नगरच्या डॉक्टरांनी मनाचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, याला शांतता द्या. घ्या! ती कुठल्या दुकानात मिळते? घरी आल्या आल्या दादानं कवाड मागितलं ते त्यामुळं.

"देवाच्या गावात कवाड?" वडील कडाडले. "लोक तोंडात शेण घालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सूप घेऊन उंबऱ्यावर बसली. ही तीच आई, जी आम्ही उंबऱ्यावर टेकलो तरी पाठीत धपाटा घालायची! पाठ घराकडं, तोंड रस्त्याकडं. येईल त्याला एकच उत्तर, "झोपलाय. मागनं या." चुलते आले. त्यांना बघून पदर सावरत बाजूला सरणारी बाई जागची हलली नाही. "भाऊजी, आज न्हाई," म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मी बघतच राहिले. एवढी छाती हिच्यात कुठं होती इतके दिवस?

मग शनी अमावस्या आली. माणसांचा नुसता पूर. वडील दुकानातनं धावत आले.

"उठीव त्याला. आज सालाचा धंदा हाय. दोन तास हात करू दे, मग पड म्हणावं खुशाल."

आई म्हणाली, "वरचेवर पीक घेतलं की रान एक साल पड टाकता तुमी. कशापायी?"

"कशापायी म्हंजे? जमिनीला दम नको व्हय..."

बोलता बोलता त्यांची नजर आतल्या गोधडीकडं गेली. खरंच की! शेतात घाम गाळला तरी सुगी संपायची, माणूस हातपाय पसरायचा. दुकानाला सुगी संपणं माहीतच नव्हतं. आणि दादाचं तर हसूच विकायला काढलेलं, ते वाढायला उसंत कुणी दिली? आजही हे आठवलं की आईपुढं हात जोडावेसे वाटतात. आमच्यातल्या कुणालाच जे दिसलं नाही, ते तिला दिसलं होतं.

तेवढ्यात आतनं आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"आबा, उद्या बी हसायला न्हाई ना लागायचं?"

वडिलांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रस्त्यावर हॉर्नवर हॉर्न वाजत होते, दुकानातनं हाका येत होत्या.

"न्हाई रं बाळा," ते म्हणाले आणि आईशेजारी उंबऱ्यावर बसले. चौकट अरुंद. दोघं बसल्यावर आत जायला जागाच उरली नाही.